माणशी एक चिपटं

दिवेलागणीला आई कणगीपाशी जायची. आधी मापाचा पत्रा बांबूच्या विणीला घासल्याची बारीक खरखर, मग क्षणभर काहीच नाही, मग सुपात दाणे पडण्याचा सरसर आवाज आणि त्यावर तिचा स्वतःशीच बोलल्यासारखा दबका स्वर – "लाभ." मापताना एक म्हणायचं नाही, पहिल्या मापाला लाभ म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. पुन्हा खरखर, पुन्हा सरसर… "दोन." असं सहापर्यंत. बाहेर ओटीवर आजोबा घोंगडीवर बसून, मान किंचित तिरकी करून, हे सगळं ऐकत असायचे. त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती, पण सहावा सरसर आवाज झाला की त्यांचा चेहरा सैल व्हायचा. घरात सहा माणसं – आजोबा, आजी, आई, वडील, आम्ही दोघी बहिणी – आणि सुपात सहा चिपटी. दिवस नीट पार पडला.

चिपटं म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. म्हणजे सोळा चिपटी ओतली की पायली भरली. हे कोष्टक मी शाळेत जायच्या आधी शिकले, तेही पाटीवर नाही, कणगीपाशी आईच्या पदराला धरून उभी असताना. आमचं चिपटं पत्र्याचं होतं, नळकांड्यासारखं सरळ, कडेला तांब्याची तार वळवलेली. आई ते भरायची, तळव्याची कड वरून फिरवायची आणि काठावर आलेली शीग कणगीत परत पडू द्यायची. शिगेचं माप तिनं कधी टाकलं नाही आणि अपुरंही कधी टाकलं नाही. माणशी एक चिपटं, पोर असो की थोर. माणूस घरात असताना त्याचं चिपटं वगळायचं नाही. चिपटं कमी होतं ते माणूस गेल्यावरच, असं आजोबा सांगायचे, आणि हे सांगताना त्यांचा आवाज असा व्हायचा की आम्हा पोरांची पुढे काही विचारायची हिंमत होत नसे.

आमची वाडी पोलादपूरहून कुडपणकडे चढत जाणाऱ्या रस्त्याच्या एका फाट्यावर होती. अजूनही आहे, पण निम्म्या दारांना कुलपं आहेत. पावसाळ्यात चार-चार दिवस धुकं घरात येऊन बसायचं. घोंगड्या, चुलीतली लाकडं, आमचे केस, सगळ्यांना एकच दमट वास यायचा. त्या वासातून कणगी मात्र वेगळी ओळखू यायची. शेणानं लिंपलेल्या बांबूचा सुका वास, कीड लागू नये म्हणून आत टाकलेल्या निंबाच्या पाल्याचा कडवट वास, आणि त्यांच्या खाली, अगदी तळाशी, तांदळाचा स्वतःचा गोडसर, कोंडा लागलेला वास… मी कणगीत डोकं घालून तो वास घ्यायची आणि आईचा धपाटा पाठीत बसेपर्यंत बाहेर यायची नाही. दुपारी नाचणीची भाकरी आणि रात्री भात, असं आमचं खाणं. भात एकदाच, म्हणून त्याचा मान मोठा.

मी हिशेबात हुशार होते. ही बढाई नव्हे, पुढे तीस वर्षं महाडच्या शाळेत मी गणितच शिकवलं, आणि मुलं मला पाठीमागे काय म्हणत तेही मला ठाऊक आहे. वाडीतली शाळा चौथीपर्यंत. चौथी झाल्यावर गुरुजी घरी आले, ओटीवर बसले, गुळाचा खडा तोंडात टाकून पाणी प्यायले आणि आजोबांना म्हणाले, "ह्या पोरीला महाडला धाडा. हिला इथं ठेवलंत तर पाप लागेल." आजोबा म्हणाले, "धाडायला काय, धाडू. खाईल काय?"

त्यांचा प्रश्न खवचट नव्हता, खरोखरचा होता. महाडला माझी आत्या राहायची. ती मला ठेवून घ्यायला तयार होती, पण मूल नातेवाइकाकडे शिकायला ठेवायचं तर त्याचा शिधा बरोबर द्यायचा, हे न बोलता ठरलेलं असायचं. आणि शहरातल्या खाण्याची गोष्ट वेगळी. आत्याकडे चूल नव्हती, स्टोव्ह होता. जातं नव्हतं, भाकरी क्वचित. तिथे भात दोन्ही वेळा. म्हणजे घरी जिचं रोजचं एक चिपटं, तिची तिथे दोन. मी काही एवढा भात खाणार नव्हते, पण रीत ती रीत. उरेल ते आत्याच्या तेल-मीठ-रॉकेलापोटी.

त्या संध्याकाळी आईनं ओटीवर चिंचोके मांडले. तिला अक्षर येत नव्हतं. दिवाळी-मे सोडून शाळेचे तीनशे दिवस, दिवसाची दोन चिपटी, म्हणजे सहाशे चिपटी. सोळा-सोळाचे ढीग करत ती सरकत गेली आणि मी शेजारी बसून तोंडी भागाकार करून तिच्या आधी उत्तर सांगितलं – साडेसदतीस पायल्या. तिनं तरीही शेवटपर्यंत चिंचोके मोजले. सदतीस ढीग झाले आणि आठ चिंचोके उरले. तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला मी तेव्हा कौतुक समजले होते. असेलही, पण नुसतं कौतुक नव्हतं, हे मला आत्ता आत्ता कळलं आहे, आणि कळल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

जूनमध्ये त्यातल्या अर्ध्या तांदळाची पोती एसटीच्या टपावर चढली आणि मी खाली खिडकीशी बसले. महाडला आत्याचे यजमान वाहतुकीच्या कचेरीत कारकून होते. त्यांनी पोती कचेरीच्या काट्यावर घातली आणि कागदावर किलोंत मांडली. पायलीला साडेतीन किलो, असा त्यांचा हिशेब. मला ते फार भारदस्त वाटलं. आमच्या तांदळाला वजन असतं हे मला ठाऊक नव्हतं, आमच्याकडे त्याला फक्त माप होतं. आत्या चिपटं वापरत नसे. ती ॲल्युमिनियमच्या पेल्यानं तांदूळ घ्यायची, मोजायची नाही, वाढताना डाव उलटा करून ताटात आपटायची. भाताचा ढीग पडायचा. मी महिन्याभरात गालांनी भरले.

आता मला एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचं काहीच सांगता येणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले. शेतं कापून झाली होती, खळ्यावर झोडणी चालू होती, अंगणात नव्या भाताच्या पेंढ्याचा तो उष्ण, नाकाला खाज आणणारा वास पसरला होता. दिवेलागणीला सहा वेळा सरसर आवाज झाला, मी ओटीवर पडून मोजला. सहा पानं वाढली गेली. मी माझा भात संपवला आणि आणखी मागितला. आईनं टोप खरवडून एक घास वाढला. तोही संपवून मी पुन्हा ताट पुढे केलं, तर टोप रिकामा. शेजारची काकी दारात बसली होती. ती कौतुकानं म्हणाली, "सुले, महाडचं पानी मानवलं गो तुला. आंग भरलंय." आणि मी, पाचवीत गेलेली, शहर पाहिलेली, तोंडाची तिखट मुलगी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तिथं पोटभर भात असतो. आत्या आईसारखी हात आखडत नाय."

काकी पदर सावरत उठून गेली. वडील खाली मान घालून जेवत राहिले. आजोबांनी हातानं चाचपत आपलं ताट माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "माझ्यातला घे. मला सरत नाय." मी घेतला. मी तो घेतला आणि खाल्ला, हे मला आजही लख्ख आठवतं, भाताला नव्या तांदळाची चिकट गोडी होती हेसुद्धा. आई म्हणाली, "आत्याचा हात मोठाच हाय." एवढंच. माझी धाकटी बहीण नंदा, सात वर्षांची, भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती. ती काय बघत होती, कोण जाणे, म्हणून मी तिला जीभ दाखवली.

त्यानंतर ते वाक्य मी पुन्हा बोलले नाही, पण मनातून काढलंही नाही. आई चिक्कू, हे माझ्यापुरतं ठरून गेलं. सहा वर्षं मी महाडला राहिले, मॅट्रिक झाले, डीएड केलं, शिक्षिका झाले, लग्न झालं, सासरी भाताचा मोठा टोप उतरवताना मी हसत हसत सांगायची, "आमची आई म्हणजे चिपट्याची बाई, शीतभर इकडे नाही की तिकडे." लोक हसायचे. आई एकदा समोर होती तेव्हाही मी हे बोलले. तीही हसली. तीन वर्षांपूर्वी ती गेली. भांडी वाटून घेताना नंदा म्हणाली, "ताय, तुला काय पायजे?" मी गंमत म्हणून ते चिपटं मागितलं. नंदानं ते देताना का कोण जाणे, थोडा वेळ हातातच धरलं होतं.

महाडला आणून ते मी ओट्यावर ठेवलं आणि वाटलं, केवढंसं हे. मनातलं चिपटं चांगलं उंच होतं. पण त्याचं नवल वाटलं नाही. बालपणीची कुठलीही गोष्ट मोठेपणी लहानच दिसते. वाडीतली विहीर लहान दिसते, देवळाच्या पायऱ्या लहान दिसतात, ज्या उंबरठ्यावर अडखळून गुडघे फोडले तो आता पावलाखाली जाणवतही नाही. आपण वाढलेलो असतो, वस्तू तेवढ्याच असतात. सगळ्या आठवणी लिहिणाऱ्यांनी हेच लिहून ठेवलं आहे आणि मीही त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. गणिताच्या बाईनं निदान एकदा मोजून बघायला हवं होतं.

मोजायची वेळ गेल्या महिन्यात आली, तीही माझ्यामुळे नव्हे. माझी लेक प्राची पुण्याला असते. तिला आजीच्या आंबोळ्या करायच्या होत्या. मी फोनवर सांगितलं, तीन चिपटी तांदूळ, एक चिपटं उडीद, चमचाभर मेथी. ती म्हणाली, "आई, चिपटं-बिपटं नको. ग्रॅममध्ये सांग. माझ्याकडे काटा आहे." मी तिला माझ्या वर्गातल्या आवाजात समजावलं, की मापाचं वजन असं सरसकट सांगता येत नाही, तेच चिपटं पोह्यांनी भरलं तर हाताला लागतही नाही आणि मिठानं भरलं तर जड लागतं, ज्याचं त्याचं वजन वेगळं. "मग ज्याचं त्याचं सांग," ती म्हणाली. माझ्याच शिकवणीचं पोर.

तिनंच मागे आणून दिलेला, कधी न वापरलेला सपाट काचेचा काटा मी काढला. चिपटं तांदळानं भरलं, तळव्याची कड फिरवली – अगदी आईसारखी – आणि वाटीत ओतून काट्यावर ठेवलं. एकशे पंचाहत्तर. उडदाचं त्याहून थोडं जास्त भरलं. मी दोन्ही आकडे लिहिले, प्राचीला पाठवायला फोन उचलला आणि थांबले. तांदळाचा आकडा मला खटकला. पायली साडेतीन किलोची. त्याला सोळानं भागलं की दोनशे अठरा आणि वर पाऊण ग्रॅम. जवळजवळ दोनशे एकोणीस. एकशे पंचाहत्तर येईलच कसं? काट्याचा सेल उतरला असेल म्हणून मी मिठाची किलोची पिशवी ठेवून पाहिली, काटा बरोबर होता. पुन्हा भरलं, ठोकून भरलं, जुना तांदूळ घेतला, नवा घेतला. पाच-सहा ग्रॅमांचा फरक, त्यापलीकडे नाही. फळ्यावर सोडवलेलं उदाहरण पुस्तकातल्या उत्तराशी जुळत नाही, तसं झालं. तेव्हा आपण म्हणतो, पुस्तकात छपाईची चूक असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिपटं पिशवीत घालून मी बाजारात हमीदचाचांच्या धान्याच्या दुकानात गेले. दुकान आता त्यांचा मुलगा बघतो, इलेक्ट्रॉनिक काट्यावर. पण वरच्या वाड्यांमधून नाचणी घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी चाचांनी एक जुनी लोखंडी पायली ठेवली आहे. मी म्हटलं, चाचा, जरा हे चिपटं तपासायचंय. त्यांना काम मिळाल्याचा आनंद झाला. गोणीत चिपटं बुडवून ते पायलीत ओतू लागले. "बरकत," पहिल्याला म्हणाले – त्यांच्याकडे लाभाऐवजी बरकत – "दोन… तीन…" मी पायलीच्या आत बघत होते. सोळाला ती भरायला हवी होती. सोळा झाली तेव्हा चांगली चार बोटं जागा रिकामी होती. चाचांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ओतत राहिले. सतरा. अठरा. एकोणीस. विसाव्याला पायली काठोकाठ भरली.

त्यांनी चिपटं उलटं केलं, चष्मा कपाळावर चढवून तळाशी अंगठा फिरवला. "बाई, ह्याचा तळ मागाहून लावलेला हाय. हा कथलाचा डाख बघा, चारी बाजूंनी."

"गंजला असेल," मी म्हटलं.

"गंजलेला पत्रा जिथंवर गंजला तिथंवर कापतात, वाकडातिकडा. हा सरळ कापलाय. मापून कापलाय कुणीतरी." मग ते हळू म्हणाले, "जुनी चीज हाय. ठेवा घरात."

ते हळू का बोलले, हे मला दुकानाच्या पायऱ्या उतरताना उमगलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या. व्यापाऱ्याच्या घरात कापलेलं माप सापडलं तर त्याचा एकच अर्थ असतो. लावणीला आमच्या शेतावर बायका यायच्या, त्यांना मजुरी भातात मिळायची, आई ती मोजून द्यायची… मी भर बाजारात उभी राहिले. माझी आई? जी शीतभर इकडे-तिकडे होऊ देत नसे, ती? चिक्कू म्हणून मी तिला आयुष्यभर हसले, पण लबाड म्हणायची वेळ येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला तेव्हा मी बाजूला झाले.

घरी येऊन मी नंदाला फोन लावला. ती उमरठच्या बाजूला दिलेली आहे, स्वतःची शेती स्वतः करते. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मी इकडचं-तिकडचं न बोलता विचारलं, "नंदे, आपलं चिपटं कापलेलं आहे. तुला ठाऊक होतं?"

"व्हय," ती म्हणाली.

"आई त्यानं मजुरी मोजायची?"

"येडी का काय तू? मजुरी पायलीनं जायाची. शीग धरून. चिपटं फकस्त आपल्या भाताला." मग तिनंच सांगितलं, "तू महाडला गेलीस नं, त्याच आठवड्यात. आय मला घेऊन पोलादपूरला गेली. तो कंदील नि डबे नीट करनारा बसायचा, त्याच्यापाशी. चिपट्याला हात आडवा लावला नि बोलली, पाच बोटं उंच हाय, एक बोट काढ."

"एक बोट का?"

"आपून पाच मानसं उरलो व्हतो, ताय."

मला पुढचं तिनं सांगायची गरज नव्हती. तीस वर्षांची सवय. आकडे आपोआप उभे राहिले. पाचातलं एक बोट म्हणजे पाचवा हिस्सा. दोनशे अठरा आणि पाऊणमधून पाचवा हिस्सा गेला की एकशे पंचाहत्तर. काटा बरोबर होता, चाचांची पायलीही बरोबर होती. प्रत्येकाच्या ताटातून पावणेचव्वेचाळीस ग्रॅम. आणि पावणेचव्वेचाळीस पंचे… पुन्हा दोनशे अठरा आणि पाऊण. एक अख्खं चिपटं, रोज. महाडला जे माझं दुसरं चिपटं शिजत होतं, ते. इकडे एक शीत जास्त नाही, तिकडे एक शीत कमी नाही. जिला अक्षर येत नव्हतं तिनं हा अपूर्णांक हाताच्या बोटांवर सोडवला होता आणि त्याचं उत्तर डाख देऊन पक्कं करून घेतलं होतं. चिंचोके मोजून झाल्यावर ती माझ्याकडे बघत होती तेव्हा बहुधा हेच चाललं होतं.

पाचवा हिस्सा म्हणजे उपासमार नव्हे, हे मलाही कळतं. म्हणजे जेवण झाल्यावर ताटावर थोडा वेळ रेंगाळणारा हात. म्हणजे दिवसभर शेतात वाकलेल्या वडिलांचं एक घास आधी उठणं. सहा वर्षं, रोज. आणि मी दिवाळीत तिथे बसून, त्यांच्याच भातानं भरलेल्या गालांनी, त्यांच्याच देखत, आईला हात आखडणारी म्हटलं. वर आजोबांच्या ताटातला घासही घेतला.

"आजोबांना ठाऊक नव्हतं ना?" मी विचारलं. तेवढाच तांदूळ चारऐवजी पाच मापांत मोजायची ती धडपड त्यांच्यासाठीच असणार, असं मला वाटत होतं. नुसती चार चिपटी टाकली असती तर त्यांना जिवंत माणसाचं चिपटं वगळल्यासारखं झालं असतं.

"आज्याला पैल्याच राती कळलं. डोळं गेलेलं, कान नाय. चिपट्याचा आवाज बदलला व्हता. पाच झाल्यावर बोलला, 'पुरं हाय गो, झाक कणगी.' पुना कधी त्यावर बोलला नाय."

"म्हणजे मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. तू तर सात वर्षांची होतीस."

"आयनं शपथ घातली व्हती. बोलली, तायला कळू देऊ नको. तिला कळलं तर ती हिशेब करील, नि हिशेब केला तर परत येईल."

मी केला असता का? मी परत आले असते का? आईला तेवढा भरवसा होता माझा. मला स्वतःबद्दल तो नाही. त्या वयात मला महाडचा दिवा, महाडची शाळा आणि आत्याचा उलटा डाव फार आवडायला लागला होता. कदाचित मी हिशेब केला असता आणि उत्तर झाकून ठेवलं असतं. हे लिहायला नको वाटतं, पण खरं आहे.

मग मला जे विचारायला नको होतं ते मी विचारलं. इतकी वर्षं ते समोर होतं आणि माझ्या नजरेस कधी पडलं नव्हतं. नंदा माझ्याहून तीन वर्षांनी लहान. मी आठवीत गेले तेव्हा ती चौथी पास झाली होती. गुरुजी तिच्यासाठीही ओटीवर आले असतील. तिला शिकायचं नव्हतं, तिला शेताचीच आवड, असं घरात सगळे म्हणायचे आणि मीही तेच सगळ्यांना सांगत आले होते.

"नंदे, तुझ्या वेळेला काय झालं?"

ती हसली. खरंच हसली, कुणी लहानपणीची एखादी मजेची गोष्ट काढावी तशी. "माझ्या टायमाला पन आयनं चिपटं काढलं की. चुलीपाशी बसली नि परत बोटं लावून बघितली. म्या समोरच व्हते. लय येळ बघितली. मग बोलली, 'नंदे, आता अजून दीड बोट काढाया लागंल. मग ह्याला चिपटं कोन म्हनंल?' नि ठेवून दिलं. म्या बोलले, ऱ्हाऊ दे आये, मला नाय जायाचं."

फोन ठेवल्यावर मी हिशेब केला. कागद घेतला नाही, गरज नव्हती. सहा माणसांची सहा चिपटी, त्यातली चार महाडला दोन पोरींसाठी. उरली दोन, खाणारी चार. म्हणजे माणशी अर्धं चिपटं, अडीच बोटं. चारातून अडीच गेली की बरोबर दीडच उरतं.